वजाबाकीतली भाकर

माझी थोरली, जयवंता, बारा-तेरा वर्षांची असल्यापासून पहाटे पळायला जायची. नालवाडीतल्या आमच्या घरातून निघायचं, नागपूर रस्त्यावरच्या दुसऱ्या मोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. निघण्याआधी ती स्वयंपाकघरात जाऊन टोपल्यावरचं फडकं उचलायची, रात्रीची ज्वारीची भाकर वाटीभर दुधात कुस्करायची आणि उभ्या उभ्याच खायची. टोपल्यात एखादी भाकर असायचीच. ती कुठून येते हे घरात कोणी विचारलं नाही, तिनेही नाही.

नववीत असताना ती जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत आठशे मीटर धावली. माझी मोठी जाऊ शोभाबाई त्या दिवशी आंजीहून, माझ्या सासरच्या गावाहून, मुद्दाम आली होती, पोरीला ताकद यावी म्हणून डबाभर शिरा घेऊन. जयवंताने तिचं मन राखायला तो सगळा खाल्ला. पहिल्या फेरीत ती सर्वांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर पोट धरून खाली बसली, मग उठली आणि शेवटून दुसरी आली. रडली नाही. घरी आल्यावर तिने विचारायला सुरुवात केली, की पळण्याआधी काय खायचं आणि किती तास आधी. कवायतीच्या मास्तरांनी दूध आणि अंडी सांगितली. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, मी सांगितलं की सगळं खावं. तिने तिघांची उत्तरं वहीत उतरवली आणि खाली लिहिलं, 'कोणालाच माहीत नाही.' ती वही माझ्या कपाटात आहे.

१९७९ साली ती बारावी झाली. नागपूरच्या एका महाविद्यालयात त्याच वर्षी पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम निघाला होता, आहारशास्त्र आणि व्यायामशास्त्र एकत्र. तीन वर्षांनी पदवी, त्याला जोडूनच दोन वर्षं पदव्युत्तर, मध्ये पुन्हा प्रवेशासाठी धावपळ नाही. तिने वर्तमानपत्रातली जाहिरात कापून देवघराच्या कोनाड्यात ठेवली होती, म्हणजे तिच्या बाबांना ती पूजेच्या वेळी दिसेल.

तिचे बाबा, प्रभाकरराव, पाटबंधारे खात्यात कारकून. माणूस प्रेमळ, पण एकदा बोललेला शब्द दगडावर कोरल्यासारखा धरून बसणारा. तीन वर्षं त्यांना समजत होती, पाच समजत नव्हती. शोभाबाईला तर काहीच समजत नव्हतं. "सैपाक अन् कवायत शिकाले पाच वर्सं?" ती म्हणाली. "आमाले सासूनं आठ दिवसात दोनी शिकवलं."

शेवटी ह्यांनी अट घातली. पाच म्हणजे पाच. सहावं वर्ष मागायचं नाही, आणि पाच संपली की घरचे म्हणतील तिथे लग्न. जयवंता हो म्हणाली. मी मध्ये होते, दोघांनी माझ्याकडे बघूनच शब्द दिला आणि घेतला. त्या वेळी मला पाच वर्षं फार लांब वाटली होती.

पहिल्या वर्षी तिचं वजन दोन किलोने वाढलं. होस्टेलचं वरण पातळ आहे म्हणून तक्रार करायची आणि सकाळी मैदानावर पळायची. नाडी मोजायला शिकली, सुट्टीत आली की सगळ्यांच्या मनगटाला धरून बसायची. दुसऱ्या वर्षी दिवाळीत ती एक काटा घेऊन आली, ग्रॅमपर्यंत मोजणारा. प्रत्येकीने आपापल्या घरचा सात दिवसांचा आहार मोजून तक्ता करायचा होता.

सात दिवस आमच्या घरात कणीक, डाळ, तेल, भाजी मोजल्याशिवाय चुलीवर चढली नाही. जेवताना ती बाबांचं ताट मोजायची, धाकट्या बहिणीचं, कोकिळेचं मोजायची, स्वतःचं मोजायची. माझं ताट मात्र तिला कधी मोजता आलं नाही, कारण मी सगळ्यांच्या मागून जेवायची आणि तोवर ती आकडेमोड करत बसलेली असायची. मग ती बाहेरून विचारायची, "आई, उरलं ते तू जेवलीस ना?" मी म्हणायची, हो. शिजलेल्यातून सगळ्यांचं वजा केलं की माझं निघायचं.

आता खरं काय ते लिहिते. आमच्या आंजीच्या घरची रीत अशी की टोपलं रिकामं करून झोपायचं नाही. एक तरी भाकर फडक्याखाली राहिली पाहिजे, नाहीतर घराची बरकत जाते. ती कोणाच्या वाट्याची राहील हे सासूबाईंनी कधी तोंडाने सांगितलं नाही. शेवटी जो जेवतो त्याच्यासमोर टोपलं असतं, म्हणजे ज्याने त्याने समजून घ्यायचं. मी लग्न होऊन आले त्या महिन्यातच समजले होते. वरण उरलेलं दिसलं तर तेही सकाळी कोकिळेला होईल म्हणून झाकून ठेवायची. हे मला उपाशी राहणं वाटत नव्हतं. जयवंताने विचारल्यावर हो म्हणताना आपण खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. पोरीला तक्ता पुरा करायचा होता, मी तो पुरा करून दिला.

त्या तक्त्यात मी रोज एकवीसशे कॅलरी खात होते. तिच्या मॅडमना तो इतका आवडला की त्यांनी वर्गात वाचून दाखवला. खेड्यात काम करताना हीच पद्धत सोपी पडेल असं त्या म्हणाल्या, कारण घरातली बाई शेवटी जेवते, तिच्या ताटापाशी बसून राहायची गरज नाही, वजाबाकीने निघतं. जयवंताने मला हे पत्रातून कळवलं, शेवटी लिहिलं होतं, 'तुझ्यामुळे.'

पाचव्या वर्षी, ८३ सालच्या हिवाळ्यात, तिने प्रबंधासाठी आंजीच घेतली. कापूस वेचणाऱ्या चाळीस बाया, त्यांचा आहार आणि त्यांचा दम. प्रत्येक घरी तीन दिवस मोजणी, आणि चौथ्या दिवशी ठोकळ्याची चाचणी. सोळा इंच उंच लाकडी ठोकळा, त्यावर टाळीच्या ठेक्यावर पाच मिनिटं चढायचं-उतरायचं, मग नाडी मोजायची. ती शोभाबाईकडे राहायची; शोभाबाईही त्या चाळीसांतलीच. मी दर रविवारी आर्वीच्या गाडीने जायची, काहीतरी निमित्त काढून. कधी स्वेटर, कधी लोणचं. पोर एकटी घरोघर फिरते याची मला धास्ती होती, आणि आणखी एका गोष्टीची होती, ती मी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

बायांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. चाचणी ग्रामपंचायतीच्या खोलीत दार लावून व्हायची. लुगडं खोचून बाया ठोकळ्यावर चढायच्या आणि हसून हसून ठेका चुकायचा. एक जण म्हणाली, "दिवसभर वाकाचं अन् संध्याकाळी चढाचं. मधात उभं राहाले कोणी सांगतच नाई." शोभाबाई काट्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायची, की कापूस मोजतात तशी आमची पोरगी भाकर मोजून राह्यली.

जानेवारीच्या मध्यापर्यंत तीस बाया झाल्या. जयवंताने आकडे मांडले. बाया रोज बावीसशे-तेवीसशे कॅलरी खात होत्या, म्हणजे जवळपास पुरेसं. पण तिसांतल्या बावीस जणी तीन मिनिटांच्या आतच ठोकळ्यावरून उतरल्या होत्या. तिला कोडं पडलं. तिने मॅडमना कळवलं. मॅडमचं उत्तर आलं ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. निष्कर्ष नवा आणि महत्त्वाचा आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. ग्रामीण स्त्रीच्या आहारात विशेष कमतरता नाही, शरीराला व्यायामाचं वळण नाही. प्रबंधाच्या शेवटी शिफारस करावी, गावात स्त्रियांसाठी संध्याकाळी व्यायामवर्ग. तसा वर्ग चालवायला एक संस्था तयारही होती, आंजीपासूनच सुरुवात करू म्हणत होती.

मी ऐकलं आणि लोणच्याची बरणी फडताळात ठेवायला उठले. त्या रविवारी बोलले नाही. पुढच्या रविवारीही नाही. प्रबंध मार्चअखेर द्यायचा होता. मे महिन्यात हिंगणघाटचं स्थळ बघायला येणार होतं, मुलगा बँकेत. आता काही बोललं तर पाचाची सहा वर्षं होतील, आणि ह्यांच्या शब्दापुढे माझं काही चालणार नाही, हे मला दिसत होतं. घरी येऊन रात्रीचं टोपलं झाकताना हात थांबायचा, पण भाकर ठेवायचीच.

तिसऱ्या रविवारी अन्नपूर्णेची चाचणी होती. अन्नपूर्णा शोभाबाईच्या घराला लागूनच राहायची. तीसेक वर्षांची, अंगाने बारीक, पण वेचणीत तिचा हात साऱ्या गावात चालता. त्या दिवशीही सकाळपासून वेचून आली होती. पहिलं मिनिट तिने हसत काढलं. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी तिने भिंतीकडे हात केला, भिंत हाताला लागली नाही आणि ती ठोकळ्यावरून खाली बसावं तशी पडली.

आम्ही तिला पाणी दिलं, गूळ दिला. डोळे उघडल्यावर तिने आधी विचारलं, की पोरीचा कागद खराब तर नाही ना झाला.

जयवंता तिच्या शेजारी तक्ता घेऊन बसली. आदल्या दिवशीच्या रकान्यात बावीसशे पन्नास लिहिलेलं होतं. ती शांतपणे विचारत गेली. रात्री सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात चार भाकरी होत्या ना. होत्या. मग त्या तुम्ही जेवलात ना.

"जेवली ना व," अन्नपूर्णा म्हणाली.

"चारी?"

"चारी जेवली." असं म्हणताना ती जयवंताकडे बघत नव्हती. माझ्याकडे आणि शोभाबाईकडे बघत होती. आम्ही दोघी खाली बघत होतो.

अन्नपूर्णेला घरी पोचवून आम्ही शोभाबाईच्या स्वयंपाकघरात आलो. माझ्याने आता राहवलं नाही. मी चुलीमागचं टोपलं ओढलं आणि फडकं काढलं. दुपारचे चार वाजले होते, घर जेवून उठलं होतं. टोपल्यात दीड भाकर होती.

"ही तुझ्या कागदात कोणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

जयवंताला तक्ता काढायचीही गरज नव्हती. "मोठ्या आईच्या."

शोभाबाई हसली. "मंग लिही ना मी जेवली म्हून. त्यानं तुहं काय बिघडते?"

जयवंता हसली नाही. ती टोपल्याकडे बघत राहिली. मी तिला रीत सांगितली, जशी वर लिहिली तशी, आणि रात्रीची अशीच राहिलेली भाकर सकाळी मुलं चहासोबत खातात हेही सांगितलं. शिळी भाकर मोजायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या यादीत चुलीवर चढणाऱ्याच वस्तू होत्या.

"अन् दिवाळीतला तक्ता? तुझा?"

"तोही तसाच."

तिने फडकं टोपल्यावर परत घातलं. मग म्हणाली, "आई, मी पळायच्या आधी खात होती ती भाकर."

"ती उरलेली असायची."

"उरलेली नव्हती," ती म्हणाली, आणि अंगणात निघून गेली.

शोभाबाईने मला विचारलं, की काऊन सांगितलं तिले, येवढी वर्सं सांगितलं नव्हतं तं.

वेचणी आठवड्याभरात संपणार होती. नव्याने मोजायचं तर पुढच्या वेचणीपर्यंत, म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागणार होतं. मॅडमनी तिला समजावलं, की आहे ते दे, प्रत्येक पद्धतीत थोडी चूक असते, एका ओळीत तसं नमूद कर. ह्यांनी घरी एकच वाक्य म्हटलं, "पाच वर्षांचा शब्द मी दिला नव्हता, तिने दिला होता." आणि मी काय केलं हेही लिहायला हवं. ज्या तोंडाने मी तिला टोपलं दाखवलं त्याच तोंडाने तिला विनवलं, की एक ओळ लिही आणि मोकळी हो. मला तिचं लग्न मोडायला नको होतं. ह्यांचा आणि तिचा अबोला घरात नको होता.

ती माझ्यावर रागावली नाही. तिने मला समजावून सांगितलं, जसं कोकिळेला गणित सांगायची. "त्या कागदावरून तिथं वर्ग निघेल. दिवसभर वेचून आलेल्या अन्नपूर्णाबाईले पुन्हा ठोकळ्यावर चढवतील. अन् मी लिहिलं असेल, हिचं खाणं बरोबर आहे."

मार्चमध्ये तिने प्रबंध दिला नाही. हिंगणघाटच्या लोकांना थांबायला वेळ नव्हता, त्यांनी जूनमध्ये दुसरीकडे उरकलं. ह्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. वर्षभर त्या दोघांमधले निरोप मी इकडून तिकडे नेत होते, एकाच खोलीत.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आंजीला गेली. या वेळी काटा पुरेसा नव्हता. बाई शेवटी जेवायला बसेल तेव्हा तिच्या ताटापाशी बसून राहायचं होतं, आणि बाया तिच्यासमोर जेवेनात. एकतर लाजायच्या, नाहीतर पाहुणीसमोर मुद्दाम पोटभर जेवून दाखवायच्या. आठ दिवस असे फुकट गेल्यावर जयवंताने उपाय काढला. स्वतःचं ताट घेऊन बाईच्या बाजूला बसायची, तिच्याच टोपल्यातली अर्धी भाकर घ्यायची आणि बदल्यात सकाळी तेवढं पीठ देऊन टाकायची. दोघी तोंडात घास असताना बोलत, आणि बाईला काटा विसरायला व्हायचं. मग खरं दिसायला लागलं. कोणी दीड भाकर खायची, कोणी दोन. वरण संपलेलंच असायचं, मग मीठ-तिखट पाण्यात कालवून त्याच्याशी. चाळीस जणींची सरासरी सोळाशेच्या जरा खाली आली. ठोकळ्यावरून उतरलेल्या बायांचं कोडं राहिलं नाही.

अन्नपूर्णेने चाचणी पुन्हा देईन म्हटलं. जयवंताने तिला चढू दिलं नाही, नुसती नाडी मोजली.

८५ साली तिला पदवी मिळाली, पहिला वर्ग थोडक्यात हुकला. आंजीत व्यायामवर्ग निघाला नाही. दुसरंही काही निघालं नाही. प्रबंधाच्या शेवटी तिने शिफारस लिहिली होती, की गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना वेचणीच्या जागीच एक वेळचं जेवण मिळावं. ती वाचली कोणी, मला माहीत नाही. शोभाबाई अजून टोपल्यात भाकर ठेवते. मी ठेवणं सोडलं, पण पहिले काही महिने झोप लागायची नाही, उठून रिकामं टोपलं बघून यायची.

हे पदवीदानाच्या दिवशी तिच्याशी एकच शब्द बोलले. पेढे आणले, तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "खा." बापलेकीचं अजूनही त्याहून फार पुढे गेलेलं नाही.

मला मात्र त्या दुसऱ्या हिवाळ्यात वेगळंच दिसलं होतं, आणि त्याबद्दल मी कोणाशी बोलले नाही. चाळीस घरी, प्रत्येकी तीन दिवस, ती शेवटी जेवली, अर्धी भाकर. दुसऱ्याच्या टोपल्यातली, म्हणून तीही हात राखून. परत आली तेव्हा तिच्या मनगटावर घड्याळ फिरत होतं. पहाटेचं पळणं बंद झालं होतं. दम लागतो का विचारलं तर म्हणाली, वेळ नसतो. आमच्या घरातही ती सगळ्यांच्या मागून, माझ्यासोबत बसायला लागली. मला आधी बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, की मी घास घेते की नाही हे ती बघते, आणि तिचं ताट मात्र माझ्याआधी रिकामं होतं, कारण त्यात फारसं काही नसतं.

आता ती सव्वीस वर्षांची आहे. मेळघाटात एका आरोग्य प्रकल्पावर नोकरी करते, पाड्यापाड्यांतून लहान मुलं आणि आया मोजत फिरते. लग्नाचं नाव काढू देत नाही. महिन्यातून दोन पत्रं येतात. त्यात कुठल्या पाड्यावर कोणती बाई काय खाते हे सविस्तर असतं, कोदो-कुटकी या भरड धान्यांची पेज किती पातळ हेसुद्धा. शेवटच्या ओळीत माझ्यासाठी एक वाक्य असतं, 'माझं जेवण व्यवस्थित चालू आहे, काळजी करू नये.'

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आंजीहून मी माझ्या आईला हेच लिहीत असे. शब्दसुद्धा हेच.

गेल्या महिन्यात मी तिला इकडचं-तिकडचं काही न लिहिता सरळ विचारलं, की रोज भाकरी किती खातेस. तिने लगेच कळवलं, तीन. मी पुन्हा लिहिलं, की टोपल्यात किती उरतात तेही कळव. त्यानंतर तिची दोन पत्रं आली. दोन्हींत पाड्यावरच्या बायांबद्दल भरभरून लिहिलं आहे, या प्रश्नाबद्दल काही नाही.